मक्याच्या बुरकुंडांपासून इंधन: बडोद्यातल्या एका युनिटने तांब्याचा उत्प्रेरक निवडला त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे युनिट बडोद्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत आहे. धंदा जॉबवर्कचा. दुसऱ्या कंपन्यांची रसायनं घ्यायची, त्यांचं हायड्रोजनेशन (म्हणजे रेणूंना हायड्रोजन जोडणं) करायचं आणि माल परत पाठवायचा. मालक मराठी, तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या. कारखान्यात त्यांना सगळे भाऊ म्हणतात. प्रयोगशाळा सांभाळणारी केमिस्ट एमएस्सी झाल्यापासून तिथेच आहे. आठवड्यातून दोनदा एक निवृत्त प्राध्यापक सल्ल्यासाठी येत, त्यांना मी इथे नुसतं 'सर' म्हणते. नमुन्यांच्या विश्लेषणाचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. भाऊंच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, रसायनशास्त्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

बडोद्यात रसायनांचा नाद जुना. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन सुरू झालं, आणि तिथे रसायनं शिकवणारे त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासोबत १९०७ साली अलेम्बिक ही कंपनी उभी केली. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी आली आणि शहराच्या उत्तरेला कारखान्यांची रांग लागली. म्हणून इथल्या छोट्या युनिटलाही हायड्रोजन, नायट्रोजन, जुने रिअ‍ॅक्टर आणि ते चालवणारी अनुभवी माणसं सहज मिळतात. हे प्रकरण दुसऱ्या गावात घडलं असतं तर बहुधा प्रयोगशाळेबाहेर पडलंच नसतं.

भाऊंना जॉबवर्कच्या पलीकडे जायचं होतं. पूर्वेला पंचमहाल आणि दाहोद हा मक्याचा पट्टा. दाणे काढल्यावर राहिलेली बुरकुंडं चुलीत नाहीतर बॉयलरमध्ये जातात. त्यांच्यात झायलन (साखरेच्या रेणूंची एक साखळी) भरपूर असतं, आणि सौम्य आम्ल व वाफ यांच्या मदतीने त्यापासून फरफ्युरल हे द्रव रसायन काढता येतं. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल १९२२ सालीच बाजारात आणलं होतं. फरफ्युरलला उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला की आधी फरफ्युरिल अल्कोहोल होतं आणि तापमान वाढवलं की पुढे २-मिथाइलफ्युरान. याचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याचं माप, शंभराच्या वर आहे, लिटरमागे ऊर्जा इथेनॉलपेक्षा जास्त आहे, आणि इथेनॉलसारखं ते पाणी ओढून घेत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला चांगला उमेदवार.

हिशेब कागदावर असा होता. सुमारे दहा टन कोरड्या बुरकुंडांतून एक टनाच्या आसपास फरफ्युरल मिळतं. शंभर किलो फरफ्युरलला ४.२ किलो हायड्रोजन लागतो आणि त्यातून जास्तीत जास्त ८५ किलो मिथाइलफ्युरान निघतं, बाकी पाणी.

अडचण

इंधनांवर संशोधन करणाऱ्या एका गटाने इंजिनच्या चाचण्यांसाठी काही ड्रम मिथाइलफ्युरान मागितलं. दोन अटी होत्या. कच्चा माल शेतीतल्या काडीकचऱ्याचाच हवा, आणि पद्धत अशी हवी की उद्या मोठ्या प्रमाणावर केली तर खर्च आवाक्यात राहावा. बाजारातलं शुद्ध फरफ्युरल आणून महागड्या धातूवर माल काढून देणं या अटींत बसत नव्हतं.

युनिटकडे वातावरणाच्याच दाबावर चालणारा एक नळीचा रिअ‍ॅक्टर पडून होता. वरून फरफ्युरलची वाफ आणि हायड्रोजन सोडायचा, खाली कंडेन्सरमध्ये माल गोळा करायचा. प्रश्न एवढाच राहिला की नळीत भरायचं काय.

समोर असलेले पर्याय

पॅलॅडियम युनिटच्या रोजच्या वापरातला. भाऊंनी तो पहिल्या बैठकीतच बाजूला सारला, कारण ग्रॅमला हजारो रुपये. सरांनी मात्र त्यांना थांबवलं. "भाऊ, दरावर जाऊ नका. वापरलेला पॅलॅडियम तुम्ही रिफायनरकडे पाठवता आणि धातू परत घेता. तुमचा खर्च होतो तो हरवलेल्या धातूचा आणि त्यात अडकलेल्या पैशाचा. तांबं किंवा निकेल वाया गेलं तर ते घातक कचऱ्यात जातं आणि ते उचलायचे पैसेही तुम्हीच देता." हे भाऊंना नवीन होतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरून झालेले उत्प्रेरक येतात, आणि स्वस्त धातूच्या हिशेबात ही बाजू बहुतेक जण धरतच नाहीत. पॅलॅडियम शेवटी गळला तो किमतीमुळे नाही, रसायनामुळे. तो फरफ्युरलमधला कार्बोनिल गटच (कार्बन आणि ऑक्सिजनची जोडी) तोडून टाकतो आणि मिथाइलफ्युरानऐवजी फ्युरान देतो. शिवाय रेणूतल्या पाच अणूंच्या कड्याला, म्हणजे वलयालाही हायड्रोजन जोडतो.

कॉपर क्रोमाइट हा आजमावलेला रस्ता. विस्कॉन्सिनच्या होमर अ‍ॅडकिन्स यांनी १९३१ च्या सुमारास तो रुळवला आणि फरफ्युरलच्या धंद्यात तो आजही चालतो. तो घेतला असता तर प्रकरण लवकर संपलं असतं. पण उत्प्रेरक जाळून पुन्हा ताजा करताना क्रोमियम सहा संयुजेच्या विषारी रूपात जाऊ शकतं. केमिस्टने स्पष्ट सांगितलं, "भाऊ, शेतकऱ्याच्या काडीकचऱ्यापासून स्वच्छ इंधन करायचं म्हणतोय आणि मागे क्रोमची पोती ठेवणार, हे मला पटत नाही." माझं मतही तिच्याच बाजूचं होतं आणि आहे. क्रोम नाही, हा निर्णय त्याच दिवशी झाला.

रॅने निकेल पाण्याखाली ड्रममध्ये मिळतं, स्वस्त आहे आणि जोरात काम करतं. तो जोरच नको होता. निकेल वलयापर्यंत पोचतं आणि टेट्राहायड्रोफरफ्युरिल अल्कोहोल देतं. निकेलमध्ये लोखंड मिसळलं की हे बदलतं. ओक्लाहोमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं होतं की सिलिकावरच्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूवर फरफ्युरलचं मिथाइलफ्युरान चांगलं होतं. लोखंडाइतका स्वस्त धातू दुसरा कोणता? केमिस्टचा कल इकडे होता. तिने युनिटच्याच प्रयोगशाळेत लोखंड आणि निकेलच्या नायट्रेटमध्ये सिलिका भिजवून, वाळवून, भाजून एक छोटी बॅच केलीही.

तिच्या बॅचमध्ये थोडं फ्युरान आलं, आणि तिथे बडोद्याची हवा आड आली. फ्युरान ३१ अंशांना उकळतं. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि कूलिंग टॉवरचं पाणीच तिशीच्या घरात असतं. त्या पाण्यावर चालणाऱ्या कंडेन्सरमध्ये फ्युरान थांबणार नाही, वाफ होऊन बाहेर पडेल. ते अत्यंत ज्वालाग्राही आहे आणि माणसात कर्करोग घडवू शकेल अशा पदार्थांत गणलं जातं. चिलर बसवायचा तर सगळा हिशेबच बदलतो. मिश्रणाचं प्रमाण नीट जमलं तर फ्युरान कमी करता येतं हे सरांनीही मान्य केलं, पण त्यासाठी लागणारा वेळ हाताशी नव्हता.

राहिलं तांबं. तांबं कार्बोनिलला हायड्रोजन देतं आणि वलयाला सहसा हात लावत नाही, म्हणून या कामाला ते मुळातच योग्य. किलोला हजाराच्या आगेमागे भाव. ते दोन रूपांत घेता येत होतं: मिथेनॉलच्या कारखान्यांत वापरतात ते तयार तांबं-जस्त-अ‍ॅल्युमिना, किंवा सिलिकावरचं तांबं, जे बनवून घ्यावं लागणार होतं. तयार माल लगेच मिळत होता आणि स्वस्तही होता. सर सिलिकाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, बुरकुंडांच्या फरफ्युरलमध्ये अ‍ॅसेटिक आम्ल येणारच, ते जस्ताच्या ऑक्साइडला खाईल आणि गोळ्या भुसभुशीत होतील. शिवाय अ‍ॅल्युमिनाच्या आम्लधर्मी जागांवर फरफ्युरिल अल्कोहोलची राळ बनते. फाउंड्रीत वाळू बांधायला हीच राळ मुद्दाम वापरतात. आपल्या नळीत ती नको.

निर्णय आणि पहिली चाचणी

भाऊंनी सरांचं ऐकलं आणि सिलिकावरचं तांबं ठरलं. माझ्या मते निवड बरोबर होती. गडबड झाली ती तपासणीच्या क्रमात.

केमिस्टने प्रयोगशाळेतल्या छोट्या नळीत चाचणी घेतली ती बाटलीतल्या शुद्ध, ताज्या ऊर्ध्वपातित फरफ्युरलवर. दोनशे अंशांच्या थोडं वर ठेवल्यावर जवळजवळ सगळं फरफ्युरल संपत होतं आणि मिळणाऱ्या मालात बहुतांश मिथाइलफ्युरान. दिवसामागून दिवस तोच आकडा. भाऊ खूश झाले आणि मोठ्या नळीला पुरेल एवढा उत्प्रेरक एकदम बनवून घेण्याची ऑर्डर त्यांनी दिली. पुरवठादाराचं, म्हणजे खऱ्या बुरकुंडांचं फरफ्युरल अजून आलेलं नव्हतं. सरांनी म्हटलं, "ड्रम येऊ द्या, मग ऑर्डर द्या." भाऊंचं उत्तर, "सर, फरफ्युरल म्हणजे फरफ्युरल. आणि गिऱ्हाईक थांबलंय." या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच.

मोठी नळी भरली. भट्टीतून आलेलं कॉपर ऑक्साइड हायड्रोजनने धातूच्या रूपात आणताना बरीच उष्णता निघते. म्हणून नायट्रोजनमध्ये अगदी थोडा हायड्रोजन मिसळून, तापमान अडीचशेच्या खाली ठेवून, ऑपरेटरांनी ते काम दोन पाळ्यांत सावकाश केलं. घाई केली तर तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून जाड होतात आणि पृष्ठभाग संपतो. हे काम फार छान झालं, तिथे कुणाचीच चूक नव्हती.

पहिले काही तास माल उत्तम आला. दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या मालात फरफ्युरिल अल्कोहोल वाढलं. म्हणजे पहिली पायरी होत होती, दुसरी मागे पडत होती. आठवडा संपायच्या आत न बदललेलं फरफ्युरलच खाली येऊ लागलं. ऑपरेटर तापमान वाढवत गेले, त्याने तात्पुरता फरक पडला आणि पुन्हा घसरण.

बिघाड शोधताना

तीन संशयित होते. तांब्याचे कण चिकटले असतील. कार्बन किंवा राळ साचली असेल. नाहीतर विषबाधा, म्हणजे मालातली एखादी अशुद्धी तांब्यावर घट्ट बसली असेल.

सरांनी एक साधी गोष्ट विचारली, "नळीतला सगळ्यात गरम भाग कुठे आहे?" नळीच्या लांबीवर तीन ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणारी उपकरणं) होते. सुरुवातीला वरचा सगळ्यात गरम होता, मग मधला, आता खालचा. हायड्रोजनेशन उष्णता सोडतं, म्हणून जिथे काम चालू तिथे गरमी. गरम पट्टा वरून खाली सरकत होता याचा अर्थ उत्प्रेरक वरच्या टोकापासून क्रमाने मरत होता. सगळीकडचं तांबं एकसारखं जाड झालं असतं तर पट्टा असा ओळीने सरकला नसता. चिकटण्याचा संशय तिथेच बराचसा मिटला.

मग कार्बन की विष? नळी थंड करून, नायट्रोजनमध्ये थोडी हवा मिसळून सावकाश जाळलं आणि पुन्हा हायड्रोजन दिला. कार्बन असता तर उत्प्रेरक बऱ्यापैकी परत आला असता. खालचा भाग आला, वरचा आला नाही. याचं कारण मला फार बोलकं वाटतं. तांब्यावर गंधक बसलं असेल तर हवेत त्याचं सल्फेट होतं, आणि हायड्रोजन मिळताच ते पुन्हा सल्फाइड होऊन बसतं. जाळून ते जात नाही.

वरच्या आणि खालच्या थरातल्या गोळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन आम्ही शहरातल्या एका धातू तपासणी प्रयोगशाळेत गेलो. ओतकामवाले लोखंडासाठी जे कार्बन-सल्फर मशीन वापरतात त्यावरच तपासणी केली, खर्च किरकोळ. वरच्या थरात गंधक ठळक, खालच्या थरात जवळजवळ नाही. मग ड्रममधलं फरफ्युरल पाहिलं. शुद्ध बाटलीतलं फिकट पिवळं होतं. हे कॉफीसारखं गडद, कडू बदामाच्या वासाखाली एक आंबूस झाक, आणि लिटमस लगेच लाल. पुरवठादार गंधकाच्या आम्लाने बुरकुंडं शिजवत होता. गरम आम्ल आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की थोडा सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि वाफेबरोबर पुढे जातो.

थोडं गंधक एवढं कसं मारतं, हे भाऊंना पटेना, तेव्हा केमिस्टने फळ्यावर मांडून दाखवलं. समजा फरफ्युरलमध्ये दशलक्षात वीस भाग गंधक आहे. टनामागे वीस ग्रॅम झालं. कॉपर सल्फाइडमध्ये (Cu₂S) ३२ ग्रॅम गंधकाला १२७ ग्रॅम तांबं लागतं, म्हणून वीस ग्रॅम गंधक सुमारे ८० ग्रॅम तांबं बांधून टाकतं. पण काम करतं ते फक्त कणांच्या पृष्ठभागावरचं तांबं. ते एकूण तांब्याच्या दहावा भाग धरलं तर ८० ग्रॅम पृष्ठभाग म्हणजे ८०० ग्रॅम तांब्याचं काम बंद. एका टनाला एवढं. भाऊ बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आपण स्वस्त धातू घेतला आणि पुरवठादाराचा कचरा त्यात गोळा केला."

काय केलं

दोन रस्ते होते. गंधक सहन करणारा उत्प्रेरक घ्यायचा किंवा गंधक आधीच काढायचं. रिफायनरीत मोलिब्डेनमचे सल्फाइड उत्प्रेरक गंधकातच काम करतात, पण त्यांना जास्त दाब लागतो आणि या रिअ‍ॅक्टरवर ते जमणारं नव्हतं. म्हणून दुसरा रस्ता.

केमिस्ट पुरवठादाराकडे स्वतः गेली. तिने भांडण केलं नाही, कार्बन-सल्फर मशीनचे आकडे समोर ठेवले. त्यांनी फरफ्युरल सोडा अ‍ॅशने उदासीन करून निर्वातात पुन्हा ऊर्ध्वपातित करायचं कबूल केलं. दर वाढला. भाऊंनी तो वाढीव दर दिला, आणि हे मला या प्रकरणातलं सगळ्यात समजूतदार पाऊल वाटतं. गंधक काढायची योग्य जागा तीच होती, आणि मोबदला न देता ते काम दुसऱ्यावर ढकललं असतं तर पुढच्याच महिन्यात माल पुन्हा घाणेरडा आला असता.

दुसरा उपाय सरांचा. मेलेल्या वरच्या थरातल्या गोळ्या फेकायच्या नाहीत असं त्यांनी सांगितलं. त्या गोळ्यांत आतलं तांबं अजून शिल्लक होतं. हायड्रोजनेशनला निरुपयोगी, पण गंधक पकडायला चालण्यासारखं. मुख्य नळीच्या आधी एक छोटं भांडं बसवून त्यात त्या गोळ्या भरल्या. ऊर्ध्वपातनातून निसटलेलं गंधक तिथे अडू लागलं. पॅलॅडियमच्या बाबतीत ही चैन कुणी केली नसती. स्वस्त धातूचा खरा फायदा मला इथे दिसला.

भाऊंनी हिशेबाचं मापही बदललं. खरेदीच्या वहीत उत्प्रेरकाचा किलोचा दर लिहायचे, तिथे आता एक किलो उत्प्रेरकाने बाहेर काढलेलं मिथाइलफ्युरान किती किलो, आणि त्यात कचरा उचलण्याचा खर्च किती, असे दोन रकाने आले.

निष्पत्ती

नवा उत्प्रेरक भरून, स्वच्छ केलेल्या फरफ्युरलवर नळी मागणी पूर्ण होईपर्यंत चालली. गरम पट्टा वरच्या थर्मोकपलपाशीच राहिला. संशोधन गटाला त्यांचे ड्रम मिळाले, उशिरा, पण ठरलेल्या शुद्धतेचे.

इंधन म्हणून हा माल पुढे गेला नाही. फरफ्युरलचाच दर पेट्रोलच्या दराला मागे टाकतो, त्यावर हायड्रोजन आणि उत्प्रेरक. इथेनॉलला २०१८ चं जैवइंधन धोरण आहे, २०२२ मध्ये वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणलं गेलं, तेल कंपन्या ठरलेल्या भावाने ते घेतात. मिथाइलफ्युरानच्या मागे यातलं काहीच नाही. युनिट आता तेच मिथाइलफ्युरान औषध कंपन्यांना मध्यवर्ती रसायन म्हणून विकतं, तिथे भाव मिळतो. भाऊंना इंधनाचं राहून गेल्याची खंत आहे आणि ते ती लपवत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पुरवठादाराचा एक कॅन आधी आणून छोट्या नळीत चालवला असता तर मोठी भरती वाचली असती. यावर कुणाचं दुमत नाही. खरेदीच्या कागदावर शुद्धता आणि पाणी एवढंच लिहिलेलं होतं, गंधक आणि आम्लता नव्हती. आता दोन्ही आहेत आणि प्रत्येक ड्रमचा नमुना गडद बाटलीत नायट्रोजनखाली ठेवला जातो.

निकेल-लोखंडाचा पर्याय घाईत सोडला असं केमिस्टला आजही वाटतं. फ्युरानच्या भीतीने तो सोडला ते त्या वेळी योग्यच होतं, पण थंडीच्या दिवसांत, चिलर भाड्याने घेऊन त्याची एक रीतसर चाचणी व्हायला हवी होती असं माझंही मत आहे. अर्थात गंधकाने निकेलही तितकंच मेलं असतं.

एका मुद्द्यावर सर आणि केमिस्ट यांचं अजून जमत नाही. पहिल्या भांड्यातल्या जुन्या गोळ्या कधी बदलायच्या? सर म्हणतात, मुख्य नळीतला गरम पट्टा जरा खाली सरकला की बदला. केमिस्ट म्हणते, पट्टा सरकला याचा अर्थ गंधक आत पोचलं, आता उशीर झाला. तेव्हा किती टन फरफ्युरल गेलं आणि त्यात किती गंधक होतं ते मोजून आधीच बदला. मला तिचं पटतं. पण त्यासाठी प्रत्येक ड्रमचं गंधक मोजावं लागतं, आणि त्या मशीनची पाळी मिळवायला अजूनही ओतकामवाल्यांच्या रांगेत थांबावं लागतं.